लोहमार्गावरील जागता पहारा : सिग्नल केबिनीतील जुने दिवस

शिर्डीस येणारा भाविक आज थेट साईनगर शिर्डी स्थानकात उतरतो. पुणतांबे ते शिर्डी हा सुमारे 17 किलोमीटरचा जोडमार्ग पूर्ण होऊन हे स्थानक 2009 मध्ये सुरू झाले. 10 फेब्रुवारी 2023 पासून मुंबई ते शिर्डी ‘वंदे भारत’ गाडीही धावू लागली. त्यापूर्वी अनेक दशके शिर्डीचा रेल्वेप्रवास कोपरगाव स्थानकावर संपत असे. तेथून पुढचा सुमारे 15 किलोमीटरचा रस्ता यात्रेकरू टांग्याने, बैलगाडीने व नंतरच्या काळात एस. टी. बसने कापीत.

रामनवमी, गुरुपौर्णिमा व विजयादशमी या उत्सवांच्या दिवसांत गाड्यांना पाय ठेवण्यास जागा नसे. रात्री मध्येच एखाद्या लहान स्थानकाबाहेर गाडी थांबे, काही वेळाने पुन्हा सुटे, आणि डब्यात पेंगणाऱ्या भाविकास त्याचे कारण कळतही नसे. समोरून येणारी गाडी बाजूच्या मार्गावर पूर्णपणे आली आहे याची खात्री होईपर्यंत रुळालगतच्या एका उंच खोलीतील माणसाने त्या गाडीस वाट दिलेली नसे. त्या खोलीचे नाव सिग्नल केबिन आणि त्या माणसाचे नाव केबिनमन. लोखंडी लिव्हरांनी चालणाऱ्या या केबिनी आता बहुतेक ठिकाणी बंद झाल्या आहेत. तेथील काम कसे चाले, त्यात कोणते धोके होते आणि त्या धोक्यांतून रेल्वेने काय शिकून घेतले, हे समजून घेणे आजही उपयुक्त ठरेल.

दौंड–मनमाड मार्ग

मुंबईहून एक लोहमार्ग भुसावळच्या दिशेने ईशान्येस व दुसरा पुणे–सोलापूरच्या दिशेने आग्नेयेस गेला आहे. या दोन मार्गांना घाटमाथ्यावर जोडणारा दौंड–मनमाड मार्ग 1878 मध्ये खुला झाला. 1876 ते 1878 या भीषण दुष्काळाचा तो काळ होता, आणि या मार्गाच्या मातीकामास दुष्काळी कामावरील मजुरांचे हात लागले होते. येवले, कोपरगाव, पुणतांबे, बेलापूर, राहुरी, अहमदनगर (आजचे अहिल्यानगर), श्रीगोंदे अशी गावे या मार्गाने जोडली गेली. पुढे गोदावरी व प्रवरा नद्यांच्या कालव्यांवर ऊस उभा राहिला, साखर कारखाने निघाले, आणि प्रवासी गाड्यांच्या जोडीला मालगाड्यांची वर्दळ वाढली.

विद्युतीकरण व दुहेरीकरण ही कामे या मार्गावर अलीकडच्या काळात झाली. मूळचा मार्ग एकेरी होता. एकेरी मार्ग म्हणजे जाणाऱ्या व येणाऱ्या गाड्यांना रूळ एकच. समोरासमोरच्या दोन गाड्या केवळ स्थानकातच एकमेकींना ओलांडू शकतात. एकीने बाजूच्या लाईनीवर थांबावयाचे व दुसरीने मुख्य लाईनीवरून पुढे जावयाचे. एका गाडीस चुकून वाट मिळाली तर दोन गाड्या समोरासमोर येणार, हे उघड आहे. म्हणून एकेरी मार्गावरील केबिनमन व स्थानकमास्तर यांची जबाबदारी विशेष जोखमीची असे.

केबिनीची रचना

केबिन ही बहुधा जमिनीपासून एका मजल्याइतकी उंच खोली असे. तिला रुळांच्या बाजूने सलग खिडक्या असत. उंचीचे कारण साधे आहे. केबिनमनला दोन्ही दिशांचे रूळ, सांधे, उभे असलेले डबे व येणारी गाडी ही सर्व एका नजरेत दिसली पाहिजेत. मध्यम व मोठ्या स्थानकांवर दोन टोकांस दोन केबिनी असत. खोलीत ओळीने लोखंडी लिव्हर उभे असत आणि त्यांचा रंग पाहून काम ओळखता येई. लाल लिव्हर गाडी थांबविणाऱ्या सिग्नलचा, काळा सांध्याचा, निळा सांध्यास कुलूप घालणाऱ्या पट्टीचा, तर पांढरा कोणत्याही कामास न जोडलेला.

सांधा म्हणजे एका रुळावरून दुसऱ्या रुळावर गाडी वळविणारी सरकती जोडणी. लिव्हर ओढला की जमिनीलगत टाकलेल्या लोखंडी गजांच्या साखळीतून तो ओढ सांध्यापर्यंत पोहोचे. सिग्नलसाठी पोलादी तार असे. ही तार कप्प्यांवरून कित्येकदा एक किलोमीटरपर्यंत जाई आणि खांबावरील लाकडी किंवा पत्र्याचा हात हलवी. हात आडवा असेल तर गाडीने थांबावयाचे आणि खाली झुकलेला असेल तर पुढे जावयाचे, अशी खूण सर्वपरिचित होती. रात्री त्या हातासोबत रंगीत काच फिरे व तिच्यामागे रॉकेलचा दिवा जळे. या दिव्याची ज्योत पिवळसर असल्यामुळे हिरवा प्रकाश मिळविण्यासाठी काच निळसर वापरावी लागे, ही गोष्ट शाळेत प्रकाशाचा पाठ शिकविताना सांगण्यासारखी आहे.

उन्हाळ्यात तारेची निराळीच कथा असे. पोलाद उष्णतेने प्रसरण पावते. एक किलोमीटर लांबीच्या तारेचे तापमान पहाटेपासून दुपारपर्यंत 25 अंशांनी वाढले तर तिची लांबी सुमारे 30 सेंटिमीटरने वाढते. तार अशी सैल झाली की लिव्हर पुरा ओढूनही सिग्नलचा हात अर्धवटच झुके. उलट, दुपारी ताणून बसविलेली तार रात्रीच्या गारव्याने आखडली की हात पूर्णपणे आडवा होण्यास अडथळा येई. यांपैकी दुसरा दोष अधिक घातक. म्हणून दिवसातून अनेक वेळा तारेचा ताण कमीअधिक करणे आणि प्रत्येक वेळी हात खरोखर जागेवर गेला की नाही हे डोळ्यांनी पाहणे, हा केबिनीतील नित्यनेम होता.

चुकीला आडकाठी

सिग्नलची तार तुटली तर काय व्हावे, याचा विचार जुन्या अभियंत्यांनी करून ठेवला होता. हातास जोडलेल्या वजनामुळे तार तुटताच तो आपोआप आडवा, म्हणजे ‘थांबा’ या स्थितीत येई. बिघाड झाला तर गाडी थांबावी, चालू राहू नये, हे या विद्येचे पहिले सूत्र होय. जानेवारी 1876 मध्ये इंग्लंडमधील ॲबट्स रिप्टन येथे बर्फामुळे सिग्नलचा हात ‘पुढे जा’ याच स्थितीत अडकून मोठा अपघात झाला. त्यानंतर सिग्नल एरवी ‘थांबा’ स्थितीतच ठेवावा आणि गाडीपुरताच झुकवावा, ही पद्धत तेथे रूढ झाली.

दुसरे सूत्र लिव्हरांच्या परस्परबंधनाचे, म्हणजेच इंटरलॉकिंगचे. इंग्लंडमधील जॉन सॅक्सबी यांनी 1856 मध्ये सांधे व सिग्नल एकमेकांशी बांधण्याच्या यंत्रणेचे पेटंट घेतले. भारतात 1890 च्या दशकात अशा यंत्रणा बसविण्यास आरंभ झाला. लिव्हरांच्या खाली खाचा पाडलेल्या पट्ट्यांची अशी गुंफण असे की सांधा योग्य दिशेस वळवून त्यास कुलूप घातल्याखेरीज त्या मार्गाचा सिग्नल झुकविणारा लिव्हर हलतच नसे. एकदा सिग्नल झुकविला की सांध्याचा लिव्हर अडून बसे. केबिनमनने कितीही जोर लावला तरी परस्परविरोधी दोन सिग्नल एकाच वेळी देता येत नसत. माणसाच्या घाईला लोखंडाने घातलेला हा आवर होता.

तिसरे सूत्र असे की दोन स्थानकांमधील टप्प्यात एका वेळी एकच गाडी असावी. 12 जून 1889 रोजी आयर्लंडमधील आर्मा येथे चढावर तोडलेल्या गाडीचे मागचे डबे घरंगळत जाऊन मागून येणाऱ्या गाडीवर आदळले व सुमारे 80 जणांचा बळी गेला. त्याच वर्षी ब्रिटिश संसदेने कायदा करून टप्पापद्धती, परस्परबंधन व संपूर्ण प्रवासी गाडीस एकत्र लागणारे ब्रेक सक्तीचे केले. आपल्याकडील एकेरी मार्गांवर याच सूत्रासाठी टोकनयंत्रे आली. पुढील स्थानकाने संमती दिल्यावरच यंत्रातून पोलादी गोळा बाहेर येई, आणि तो गोळा हाती असल्याशिवाय चालक स्थानक सोडीत नसे. एक गोळा बाहेर असेपर्यंत दोन्ही स्थानकांच्या यंत्रांतून दुसरा निघत नसे. स्थानकमास्तर या संमतीस ‘लाईन क्लिअर’ म्हणत, आणि हा शब्द मार्गालगतच्या खेड्यांतील मुलांच्याही तोंडी असे.

अंगमेहनत आणि अपघात

नियम असे काटेकोर असले तरी ते पाळणारा माणूस ऊन, पाऊस, झोप व थकवा यांच्या तावडीत असे. या खात्यातून निवृत्त झालेल्या जुन्या पिढीच्या आठवणींत प्रथम येते ती लिव्हरांची ओढ. दूरच्या सिग्नलचा लिव्हर ओढताना पाय रोवून सर्व अंगाचा भार द्यावा लागे. ओढ लागलेली असतानाच तार तुटली तर लिव्हर एकदम मोकळा होई व माणूस पाठीवर आपटे. लिव्हर परत सोडताना हात निसटला तर तो वेगाने मागे जाऊन मार बसे. वर्षानुवर्षे हे काम केलेल्यांना कंबर व खांदे यांच्या दुखण्याची सोबत कायमची मिळे.

केबिनीखाली काम करणाऱ्या सांधेवाल्याची जोखीम याहून अधिक. सांध्याच्या फटीत खडी अडकली, तर ती काढण्यास हात घालावा लागे. त्याच क्षणी वर लिव्हर ओढला गेला तर बोटे चिरडत. म्हणून खालच्या माणसाने स्पष्ट खूण केल्याशिवाय वरच्याने लिव्हरास हात लावावयाचा नाही, असा दंडक असे. रात्री शंटिंग चालू असताना एका रुळावरून दुसऱ्या रुळावर जाणाऱ्यास अंधारात आवाज न करता घरंगळत येणारा डबा दिसत नसे. दिवेवाल्यास भर पावसात, निसरड्या लोखंडी शिडीवरून हातात दिवा घेऊन सिग्नलच्या खांबावर चढावे लागे. न थांबणाऱ्या गाडीच्या चालकास टोकनाची कडी देता-घेताना मनगट व दंड यांस जबर हिसका बसे, आणि अंदाज चुकल्यास रुळालगत कोसळण्याचे भय असे. पावसाळ्यात जमिनीलगतच्या गजांच्या आसऱ्यास साप-विंचू येत.

केबिनीची जागाही जोखमीचीच होती. सांधे जेथे असतात तेथे गाडी रुळावरून घसरण्याचा संभव अधिक, आणि केबिन उभारावयाची ती सांध्यांच्या जवळच. गाडी घसरली तर डबे थेट केबिनीवर येण्याची शक्यता नाकारता येत नसे. तरीही गाडी जाईपर्यंत केबिनमनने खिडकी सोडता कामा नये, असाच नियम होता. चाकातून धूर निघत आहे काय, दार लोंबते आहे काय, आणि शेवटच्या डब्यामागे तांबडा दिवा आहे काय, हे पाहण्याची जबाबदारी त्याची असे.

विसर : सर्वांत मोठा धोका

शेवटच्या डब्यामागील तांबडा दिवा ही लहानशी बाब वाटते, पण केबिनीतील सर्व शहाणपण तिच्यात साठविले आहे. तो दिवा दिसला तर गाडी पूर्ण आली. दिसला नाही तर काही डबे मागे सुटले असतील किंवा गाडी अजून टप्प्यातच असेल. अशा वेळी मागच्या स्थानकास ‘लाईन क्लिअर’ देणे म्हणजे दुसऱ्या गाडीस मृत्यूच्या वाटेवर धाडणे होय.

22 मे 1915 रोजी स्कॉटलंडमधील क्विंटिन्सहिल येथील केबिनीसमोर एक लोकल गाडी थांबविलेली होती. पाळीवर नव्याने आलेला सिग्नलमन त्याच गाडीने तेथे उतरला होता. असे असूनही काही मिनिटांत त्यास तिचा विसर पडला, आणि त्याने सैनिकांना नेणाऱ्या गाडीस वाट दिली. 200 हून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. लाईनीवर गाडी उभी असताना त्या सिग्नलच्या लिव्हरावर आठवणीची कडी अडकविण्याचा नियम होता. ती कडी अडकविली गेली नव्हती. पाळी बदलताना नियमबाह्य सवलती घेण्याची तेथील सवयही चौकशीत उघड झाली.

आपल्या देशातही असाच प्रसंग घडला. 20 ऑगस्ट 1995 च्या पहाटे उत्तर प्रदेशातील फिरोजाबादजवळ नीलगाय आडवी येऊन कालिंदी एक्सप्रेस थांबून राहिली. ती पुढे गेली असावी असे गृहीत धरून मागून येणाऱ्या पुरुषोत्तम एक्सप्रेसला वाट मिळाली. 300 हून अधिक प्रवाशांचे प्राण गेले. ‘गेली असावी’ आणि ‘गेलेली पाहिली’ या दोहोंमध्ये इतके अंतर आहे.

विसर हा गुन्हेगाराचाच दोष असतो असे नाही. शेकडो वेळा बिनचूक केलेले काम मन न लावताही हातून होत राहते, आणि तेथेच घात होतो. म्हणून जुन्या केबिनींत स्मरणशक्तीवर भार टाकला जात नसे. प्रत्येक गाडीची वेळ नोंदवहीत तत्काळ लिहावयाची. दूरध्वनीवर दिलेल्या संमतीस खासगी क्रमांकाची जोड द्यावयाची. लाईन व्यापलेली असेल तर लिव्हरास कडी घालावयाची. पाळी सोपविताना उभ्या असलेल्या प्रत्येक गाडीची तोंडी व लेखी कल्पना द्यावयाची. हे नियम त्रासदायक वाटत. त्यांतील कित्येक नियमांमागे कोठे ना कोठे घडलेला अपघात होता, हे अनुभवी कर्मचारी नवागतास आवर्जून सांगत.

लिव्हर गेले, जबाबदारी राहिली

1928 मध्ये मुंबईत व्हिक्टोरिया टर्मिनस (आजचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस) ते भायखळा या मार्गावर स्वयंचलित रंगीत दिव्यांचे सिग्नल आले. पुढे विजेच्या रिलेंवर चालणारी यंत्रणा आली, मग संगणकीय परस्परबंधन आले. आता एका पटलावरून संपूर्ण स्थानकाचे सांधे व सिग्नल हलविता येतात. रुळांतून वाहणारा सौम्य विद्युतप्रवाह किंवा चाके मोजणारे उपकरण लाईन व्यापलेली आहे की नाही हे सांगते. चालकाने लाल सिग्नल ओलांडू नये यासाठी ‘कवच’ ही स्वदेशी प्रणाली 2020 मध्ये देशासाठी स्वीकारण्यात आली. शिर्डीचे स्थानक उभारले गेले तेव्हा लिव्हरांच्या केबिनींचा काळ सरत आला होता.

परंतु यंत्र नवे झाले म्हणून दक्षतेची गरज संपली, असे मानणे चुकीचे ठरेल. 2 जून 2023 रोजी ओडिशातील बहानगा बाजार स्थानकात कोरोमंडल एक्सप्रेसला मुख्य लाईनीचा हिरवा सिग्नल मिळाला, परंतु सांधा बाजूच्या लाईनीकडे वळलेला होता. गाडी उभ्या मालगाडीवर आदळली व 290 हून अधिक लोक प्राणास मुकले. फाटकाच्या यंत्रणेच्या कामात व पूर्वीच्या दुरुस्तीत सिग्नलच्या तारांची जोडणी चुकल्याचे चौकशीत निष्पन्न झाले. जुन्या केबिनीत लिव्हरापुढील चूक ही एका माणसाची चूक असे. आता ती दुरुस्तीच्या वेळी जोडलेल्या एका तारेत दडून राहू शकते. काम संपल्यावर प्रत्यक्ष सांध्यापर्यंत जाऊन खात्री करून घेण्याचा केबिनीतील धडा म्हणूनच आजही जुना झालेला नाही.

गावाचा वाटा

लोहमार्गाची सुरक्षितता ही एकट्या रेल्वेखात्याची बाब नव्हे. ज्या गावांजवळून रूळ जातात त्या गावांचा त्यात वाटा आहे. ब्रॉडगेज मार्गांवरील विनारक्षक फाटके जानेवारी 2019 अखेर संपुष्टात आणली गेली, तरी रक्षक असलेली फाटके अनेक आहेत. अनेक ठिकाणी फाटक व सिग्नल परस्परांशी बांधलेले असतात. फाटक पूर्ण बंद होऊन कुलूप लागल्याखेरीज गाडीस सिग्नल मिळत नाही. उसाची गाडी किंवा वऱ्हाडाची जीप मध्येच घालून फाटकवाल्याशी हुज्जत घालणारा माणूस स्वतःचा जीव धोक्यात घालतोच, शिवाय शेकडो प्रवाशांची गाडी बाहेर अडवून ठेवतो. बंद फाटक उघडणे हा रेल्वे अधिनियम 1989 च्या कलम 160 अन्वये गुन्हा असून त्यास तीन वर्षांपर्यंत व फाटक मोडल्यास पाच वर्षांपर्यंत कारावासाची शिक्षा आहे. ग्रामपंचायतीने हंगामापूर्वी ट्रॅक्टरचालक व वाहतूकदार यांना ही माहिती दिल्यास पुष्कळ अनर्थ टळेल.

शिक्षकांनाही यात करण्यासारखे आहे. दौंड–मनमाड मार्गावरील गावांत रेल्वेतून निवृत्त झालेली वडीलधारी माणसे अद्याप आहेत. त्यांना शाळेत निमंत्रित करून तारांची, दिव्यांची व पाळ्यांची हकिकत त्यांच्याच तोंडून मुलांना ऐकवावी आणि ती लिहून ठेवावी. परिसराच्या इतिहासाचे ते साधन होईल, आणि विज्ञानाचा पाठही सजीव होईल. प्रसरण, तरफ, कप्पी, प्रकाश या सर्व गोष्टी एका केबिनीत एकत्र नांदत होत्या.

शिर्डीस सुखरूप पोहोचलेल्या असंख्य भाविकांना आपल्यासाठी रात्र जागविणाऱ्या केबिनमनचे नाव कधी कळले नाही. त्याचे काम बिनचूक झाल्याची खूण इतकीच की त्या रात्री काहीही घडले नाही. शेवटच्या डब्याचा तांबडा दिवा डोळ्यांनी पाहिल्याशिवाय ‘गाडी आली’ असे न लिहिण्याची त्याची शिस्त कचेरी, शाळा व पंचायत यांतील प्रत्येक जबाबदार माणसाने आपल्या कामात उतरवावी अशीच आहे.